ईसीजीत ‘ब्लॉक’ आलाय, पण कशाचा?

एका मावशींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्याआधी फिटनेस हवा म्हणून ईसीजी काढला, आणि त्या गुलाबी चौकटींच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात मशीननेच छापून दिलं: ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आणि त्यांचा मुलगा माझ्याकडे आले. मावशींचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुलाने अँजिओप्लास्टीच्या खर्चाची चौकशीही करून ठेवली होती. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्याने विचारलं, “डॉक्टर, ब्लॉक किती टक्के आहे?”

हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाचदा तरी ऐकू येतो. दर वेळी मी आधी हेच सांगते, की हा तो ब्लॉक नाही. आपल्याकडे ‘ब्लॉक’ किंवा ‘ब्लॉकेज’ म्हटलं की हृदयाची रक्तवाहिनी चरबीने अरुंद झाली, आता स्टेंट, नाहीतर बायपास, असंच डोळ्यासमोर येतं. त्या ब्लॉकला टक्के असतात, सत्तर टक्के, नव्वद टक्के. ईसीजीवरचा बंडल ब्रँच ब्लॉक हा विजेच्या वाटेतला अडथळा आहे, त्याला असे टक्के नसतात. घराच्या भिंतीतून पाण्याचे पाइपही जातात आणि वायरीही जातात. पाइप तुंबला की प्लंबरला बोलावतो, वायर गेली की वायरमनला. हृदयातही दोन्ही आहेत. दोन्ही बिघाड एकाच माणसात असू शकतात, एकामुळे दुसरा होऊ शकतो. पण कागदावरच्या त्या चार शब्दांवरून रक्तवाहिनी किती तुंबली आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

ही गल्लत दोन्हीकडून नडते. ज्या ब्लॉकला घाबरायचं कारण नाही त्यापायी घरंच्या घरं खचून जातात. आणि ज्या ब्लॉकसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा, त्यात माणूस पडून उठल्यावर त्याला “शुगर कमी झाली असेल” म्हणून लिंबू-सरबत पाजलं जातं. पहिल्या चुकीत पैसा आणि झोप जाते, दुसऱ्या चुकीत माणूस जातो. म्हणून हे सगळं नीट समजावून सांगावंसं वाटतं.

वीज कुठून निघते, कुठे जाते

हृदयाला चार कप्पे. वरचे दोन रक्त गोळा करतात. खालचे दोन, पुस्तकी मराठीत ज्यांना जवनिका म्हणतात, ते रक्त जोराने बाहेर फेकतात. उजवी जवनिका फुफ्फुसांकडे, डावी बाकी सगळ्या अंगाला. मिनिटाला बहात्तर धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके होतात, आणि प्रत्येक ठोक्याच्या आधी विजेचा एक संदेश वरून खाली उतरतो.

तो निघतो उजव्या वरच्या कप्प्यातल्या एसए नोड नावाच्या एका छोट्या पुंजक्यातून. वरचे दोन्ही कप्पे आकसतात. वरचे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये वीज न जाऊ देणारा चिवट पडदा असतो, त्यामुळे संदेशाला खाली जायला निरोगी हृदयात एकच दार उरतं, ते म्हणजे एव्ही नोड. इथे संदेश सेकंदाचा साधारण दहावा भाग रेंगाळतो. ते रेंगाळणं गरजेचं आहे, कारण तेवढ्यात वरच्या कप्प्यांतलं रक्त खाली उतरतं. मग हिस बंडल नावाच्या जाड तारेतून संदेश पुढे येतो आणि तिला दोन फांद्या फुटतात. उजवी फांदी एकटीच लांबवर जाते. डावी लगेच पसरते आणि तिचे मुख्यतः दोन भाग होतात, एक पुढचा, एक मागचा. म्हणजे खालच्या कप्प्यांना मिळून तीन लाइनी झाल्या. हे तीन लाइनींचं गणित लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे. फांद्यांच्या टोकाला पर्किंजे तंतूंचं बारीक जाळं असतं, आणि ते आतल्या बाजूने सगळ्या स्नायूवर पसरलेलं असतं.

या वाटेचं सारं महत्त्व तिच्या वेगात आहे. पर्किंजे तंतूंतून वीज सेकंदाला दोन ते चार मीटर धावते. साध्या हृदयस्नायूतून, एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे सरकत जाताना, तिचा वेग अर्ध्या मीटरच्या आसपास येतो. हमरस्ता आणि पाणंद यांच्यात जो फरक, तोच इथे. हमरस्ता बंद पडला तरी गावात पोचता येतं, पाणंदीने, शेताच्या कडेकडेने. फक्त उशीर होतो. बंडल ब्रँच ब्लॉकमध्ये नेमकं हेच घडतं. बंद पडलेल्या बाजूच्या जवनिकेला संदेश मिळतच नाही असं नाही. तो शेजारच्या जवनिकेकडून, स्नायूतून वाट काढत, उशिरा पोचतो.

हा नकाशा एका माणसाच्या हाती एका दिवसात आलेला नाही. चेक शास्त्रज्ञ पर्किंजे यांनी १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयात ते करडे तंतू पाहिले, पण ते कशासाठी आहेत हे त्यांना उमगलं नव्हतं. विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये जाड तार शोधली. आणि सुनाओ तावारा नावाच्या तरुण जपानी डॉक्टरने जर्मनीतल्या मारबुर्ग शहरात लुडविग आशोफ यांच्या प्रयोगशाळेत बसून, हृदयाचे असंख्य पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक जोडत, १९०६ मध्ये दाखवून दिलं की एव्ही नोड, हिसची तार, दोन फांद्या आणि पर्किंजेचं जाळं हे सगळं मिळून एकच झाड आहे. झाडाची ही उपमा त्यांचीच. आज गावोगावच्या दवाखान्यात ईसीजी वाचताना आपण त्या झाडाचीच कुठली फांदी वाळली आहे ते बघत असतो.

तीन बारीक चौकटी

घरात कुणाचा जुना ईसीजी असेल तर काढून समोर ठेवा. कागदावर बारीक चौकटी दिसतील, प्रत्येक एक मिलिमीटरची. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकट ०.०४ सेकंदांची. मधला जो उंच टोकदार कंगोरा दिसतो तो क्यूआरएस, म्हणजे खालचे कप्पे विजेने जागे होण्याची नोंद. निरोगी हृदयात हे काम सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे अडीच चौकटींत आटपतं. तीन चौकटी भरल्या, ०.१२ सेकंद किंवा १२० मिलिसेकंद झाले, की आम्ही थांबतो. कुठेतरी पाणंदीने प्रवास चालला आहे.

रुंद झालेल्या क्यूआरएसचा आकार मग बाजू सांगतो. छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेच्या व्ही-वन या नोंदीत सशाच्या कानांसारखी दोन टोकं दिसली की उजवी फांदी, आरबीबीबी. तिथेच खोल खड्डा आणि डावीकडच्या व्ही-सिक्समध्ये वर पसरट, मध्ये चिरलेला डोंगर दिसला की डावी फांदी, एलबीबीबी. मशीनही हे ओळखतं, बहुतेक वेळा बरोबर ओळखतं. मशीनला जे कळत नाही ते एवढंच, की हा कागद कुणाचा आहे, माणूस कशासाठी आला आहे आणि त्याला काय होतंय. आणि खरा निर्णय त्यावरच ठरतो.

उजवी फांदी

उजवी फांदी बारीक, लांब आणि एकटी असते. तपासणीसाठी उजव्या बाजूने नळी घालताना तिला नुसता धक्का लागला तरी ती थोडा वेळ बंद पडू शकते. वयाबरोबर आरबीबीबीचं प्रमाण वाढतं, आणि पूर्ण निरोगी माणसांतही तो सापडतो. शिवाय उशीर होतो तो उजव्या जवनिकेला. तिचं काम फुफ्फुसांपर्यंत रक्त ढकलण्याचं, कमी दाबाचं, आणि तेवढ्या उशिराचं तिला सहसा काही वाटत नाही.

मावशींना दम लागत नव्हता, छातीत दुखत नव्हतं, कधी शुद्ध हरपली नव्हती. धुणीभांडी, दोन जिने, सगळं सुरळीत. मी एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला, तो चांगला आला. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. त्या ब्लॉकसाठी एकही गोळी दिली नाही, कारण त्यासाठी गोळी नाही आणि त्यांना गरजही नाही.

मात्र काही जागी मी उजव्या फांदीलाही हलकं घेत नाही. तरुण मुलगी, पहिल्या बाळंतपणात दम लागतोय आणि ईसीजीत आरबीबीबीसारखा आकार, तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे का ते बघायलाच हवं. हे छिद्र विशी-तिशीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही असं पुष्कळदा होतं. पायाचं हाड मोडून अंथरुणावर पडलेल्या माणसाला अचानक धाप लागली आणि आरबीबीबी नव्याने दिसला, तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेल्याची शंका घ्यायची. आणि हार्ट अटॅकमध्ये नव्याने आलेला आरबीबीबी हे वाईट चिन्ह आहे. ही फांदी खालच्या दोन कप्प्यांमधल्या ज्या पडद्यातून जाते त्याला हृदयाच्या पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीचं रक्त मिळतं, आणि फांदी बंद पडली म्हणजे ती रक्तवाहिनी वरच्या बाजूलाच अडली असण्याची शक्यता असते.

डावी फांदी

इथे मी आवाज बदलून बोलते, कारण डाव्या फांदीचा ब्लॉक फारसा ‘सहज म्हणून’ येत नाही. वर्षानुवर्षांचं रक्तदाबाचं दुखणं, जुना हार्ट अटॅक, हृदयाच्या स्नायूचा आजार, महाधमनीच्या झडपेवर साचलेलं कॅल्शियम, नाहीतर वयाने त्या तारांचंच झिजून तंतुमय होणं, यातलं काहीतरी मागे असतं. महाधमनीची झडप पायातून नळी घालून बसवली, ज्याला टावी म्हणतात, तर त्यानंतरही ही फांदी दबू शकते, कारण ती झडपेच्या अगदी खालून जाते. म्हणून एलबीबीबी पहिल्यांदा सापडला की इको करायचाच, माणसाला काही त्रास नसला तरी. काहींचा इको अगदी चांगला येतो. त्यांनी घाबरायचं नाही, पण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दाखवत राहायचं.

का, ते सांगते. ओली गोधडी पिळायला दोघी लागतात. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि एकाच वेळी पीळ घालायचा. पाणी धो धो निघतं. आता एकीने आधी पीळ घातला, तो सैल पडायला लागला आणि मग दुसरीने सुरू केलं, तर दोघींचे हात दुखतील आणि गोधडी ओलीच राहील. डाव्या जवनिकेला एक भिंत मधला पडदा असते आणि समोरची भिंत बाहेरच्या बाजूला. एलबीबीबीमध्ये उजवीकडून आलेली वीज मधल्या पडद्याला आधी जागं करते. तो आकसतो तेव्हा समोरची भिंत अजून ढिलीच असते, म्हणून ती बाहेर फुगते. मग ती आकसते तेव्हा पडदा ढिला पडलेला असतो. दोन्ही भिंती राबतात, पण रक्त पुढे जाण्याऐवजी आतल्या आतच इकडून तिकडे हलतं. झडपेला धरून ठेवणारे स्नायूही एका तालात राहत नाहीत, त्यामुळे झडप गळू शकते. आधीच थकलेल्या हृदयाला हे परवडत नाही. आणि काही जणांत तर महिन्या-वर्षांच्या या बेतालपणामुळेच चांगलं हृदय पसरत जातं.

एलबीबीबी असताना दोन तपासण्या फसवतात, तेही माहीत असावं. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, यात रक्तपुरवठा कमी पडतोय का हे ज्या रेषेवरून ओळखतात ती रेष एलबीबीबीने आधीच वाकडी केलेली असते. टीएमटी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून लगेच घाबरू नये आणि ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निर्धास्तही होऊ नये. अशांना औषध देऊन केलेली इमेजिंग किंवा सीटी अँजिओग्राफी जास्त खरं सांगते.

दुसरी अडचण जिवावरची आहे. छातीत दुखतंय आणि ईसीजीत एलबीबीबी दिसतोय. एके काळी एलबीबीबी नवा असेल तर हा हार्ट अटॅकच धरायचा असा नियम होता. पुढे लक्षात आलं की अशा कित्येकांची रक्तवाहिनी बंद नसतेच, आणि २०१३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतून तो सरसकट नियम काढला गेला. एलेना स्गार्बोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेले निकष आता हाताशी असतात. एलबीबीबीच्या वाकड्या रेषेतही अटॅकची रेष कशी ओळखायची, हे ते सांगतात. पण रात्री दोन वाजता, समोर घामाघूम झालेला माणूस असताना, सगळ्यात मोठा आधार असतो त्याच्या जुन्या ईसीजीचा. हाच आकार तीन वर्षांपूर्वीही होता का, की आज आलाय? तेवढ्यावर पुढचा तास ठरतो.

म्हणून जुने ईसीजी जपा. आणि नुसते फायलीत ठेवू नका, कारण तो कागद उष्णतेने छापणारा असतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्यावरची रेघ उडून जाते. मी कोऱ्या गुलाबी कागदांच्या किती फायली पाहिल्या आहेत! काढल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट, आणि घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलवर ठेवा.

क्यूआरएस रुंद झाला की दर वेळी फांदीच तुटली असं नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर सगळ्याच हृदयात वीज मंदावते आणि कंगोरा पसरत जातो. किडनीचा रुग्ण, डायलिसिसची एक पाळी चुकलेली, अशक्तपणा वाटतोय म्हणून घरच्यांनी दिवसभर नारळपाणी पाजलेलं, असं चित्र मी पाहिलं आहे. शिरेतून कॅल्शियम गेल्यावर तो पसरलेला कंगोरा काही मिनिटांत अरुंद होताना दिसतो. उशीर झाला तर मात्र हृदय थांबतं. किडनीच्या रुग्णाच्या घरी नारळपाणी हे औषध नाही, ही एक ओळ फ्रिजवर चिकटवून ठेवावी इतकी मोलाची आहे.

पडून उठलेला माणूस

आता त्या तीन लाइनींकडे परत येऊ. उजवी फांदी गेली, डावीचा पुढचा भागही गेला, तर राहिली एकच लाइन. याला दोन फांद्यांचा ब्लॉक म्हणतात. अशा माणसाला काही त्रास नसेल तर लगेच पेसमेकर, म्हणजे हृदयाला विजेचे ठोके देणारं यंत्र, बसवत नाहीत. उरलेली लाइन बहुतेकांत वर्षानुवर्षं टिकते, वर्षाला शंभरात एखाद-दुसऱ्याचीच पूर्ण बंद पडते. पण तोच माणूस अचानक शुद्ध हरपून पडला, तर सगळा हिशेब बदलतो. ती शेवटची लाइन मधूनमधून तुटत असू शकते.

अडुसष्ट वर्षांचे एक काका, कांदा उत्पादक. दोन महिन्यांत तीनदा पडले. एकदा चाळीत, एकदा अंगणात, एकदा जेवता जेवता ताटावरच. आधी काही जाणवायचं नाही. एकदम पांढरेफटक पडायचे, हातपाय दोन-चार झटके द्यायचे, आणि अर्ध्या-एक मिनिटात उठून “काय झालं?” म्हणायचे, चेहरा लालबुंद. घरच्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. एका ठिकाणी फिटच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि काका त्या इमानेइतबारे घेत होते. ईसीजी मात्र कुणी काढला नव्हता. मी काढला तर उजवी फांदी आणि डावीचा पुढचा भाग, दोन्ही बंद. मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पहिल्याच रात्री मॉनिटरवर सहा सेकंदांची सपाट रेघ उमटली आणि मग मिनिटाला तीसच्या गतीने हृदय कसंबसं चालू झालं. सहा सेकंद मेंदूला रक्त नाही, म्हणून ते झटके येत होते. त्यांना मिरगी कधीच नव्हती.

मला या गोष्टीचा अजून राग येतो, कारण पडलेल्या प्रत्येक माणसाचा ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात.

तिन्ही लाइनी, किंवा त्यांच्या वरची मुख्य तार, पूर्ण बंद झाली की त्याला पूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात. मग खालचे कप्पे आपल्या जिवावर मिनिटाला वीस ते चाळीस ठोके देतात, आणि तेही बेभरवशाचे. अशा झटक्यांचं वर्णन डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये करून ठेवलं आहे. पण त्या काळी वर्णनापलीकडे करता येण्यासारखं काही नव्हतं.

साधी भोवळ आणि ही शुद्ध हरपणं यात फरक ओळखता येतो. उन्हात रांगेत उभं राहून, रक्त काढताना, उपाशीपोटी येणाऱ्या भोवळीआधी सहसा घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस आधार शोधतो. हृदयाच्या ब्लॉकमध्ये बटण बंद केल्यासारखं होतं, बसलेल्या-आडव्या माणसालाही होतं, आणि माणूस हात टेकायला वेळ न मिळाल्यामुळे तोंडावर पडतो. म्हातारं माणूस तोंडावर पडून कपाळ फुटलं असेल तर टाके घालणाऱ्यांना ईसीजीही काढायला सांगा. आणि कारण सापडेपर्यंत गाडी चालवणं, विहिरीत उतरणं, झाडावर चढणं बंद.

ईसीजीत फांद्यांचा ब्लॉक आहे, माणूस पडलाय, पण पकडता येत नाही, असं असेल तर होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावतात, चोवीस तास किंवा जास्त दिवसांचा. तरी कळलं नाही तर हृदयात बारीक तारा नेऊन हिसच्या तारेपासून स्नायूपर्यंत वीज यायला किती वेळ लागतो ते मोजतात. हा वेळ एरवी ३५ ते ५५ मिलिसेकंद असतो. पडणाऱ्या माणसात तो ७० किंवा त्याहून जास्त निघाला तर पेसमेकर घ्यायचा. आणि ज्याच्या ईसीजीत आज उजवा ब्लॉक, उद्या डावा ब्लॉक असं आलटून पालटून दिसतं, त्याच्यासाठी वाट बघत बसायचं नाही. दोन्ही फांद्या मरणाच्या दारात आहेत असा त्याचा अर्थ.

याच ठिकाणी औषधांची पिशवीही उलटी करून बघते. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही औषधं वरचं दार, एव्ही नोड, आणखी मंद करतात. आणि ‘डोळ्याचं औषध’ म्हणून कुणी सांगतच नाही असे काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नाडी खाली आणू शकतात.

पेसमेकर, आणि त्यापुढचं

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या माणसाच्या पोटात जगातला पहिला पूर्ण आत बसणारा पेसमेकर ठेवला गेला. त्याला दिवसातून कित्येकदा झटके यायचे. त्याची बायको शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली, तेव्हा एल्मक्विस्ट यांनी बूट पॉलिशच्या डबीचा साचा करून ते यंत्र ओतलं. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण लार्सन यंत्रामागून यंत्र बदलत, एकूण सव्वीस यंत्रं वापरून, २००१ पर्यंत जगले, सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही पुढे. आजचा पेसमेकर काड्यापेटीपेक्षा फारसा मोठा नसतो आणि साधारण आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो.

घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून चटकन सांगते. मोबाइल चालतो, पण शर्टाच्या पेसमेकरकडच्या बाजूच्या खिशात ठेवू नका, फोन दुसऱ्या कानाला लावा. मिक्सर, टीव्ही, फ्रिज सगळं चालतं. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब उभं राहा. वेल्डिंग टाळा. एमआरआय आता बऱ्याच पेसमेकरांत करता येतो, पण कार्ड दाखवून, विचारून. आणि एक गोष्ट अवघड असली तरी बोलायला हवी: माणूस गेल्यावर अग्नी देण्याआधी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. स्मशानात ऐन वेळी हे आठवण्यापेक्षा घरात कुणा एकाला आधीच माहीत असलेलं बरं.

नेहमीच्या पेसमेकरची तार उजव्या जवनिकेत असते. तिथून निघालेली वीज डावीकडे पाणंदीनेच जाते. म्हणजे जीव वाचतो, पण आपणच एक एलबीबीबी तयार करतो. बहुतेकांचं हृदय ते सोसतं, काहींचं थकतं. यावरचा पहिला उपाय म्हणजे डाव्या जवनिकेच्या बाहेरच्या भिंतीवरही एक तार नेऊन गोधडीची दोन्ही टोकं एकदम पिळायची. याला सीआरटी म्हणतात. हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के किंवा कमी, औषधं पुरेशी घेऊनही दम लागतोय, ईसीजीत एलबीबीबी आणि क्यूआरएस १५० मिलिसेकंद किंवा जास्त, अशांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केअर-एचएफ या अभ्यासात नुसत्या औषधांपेक्षा सीआरटीने मृत्यू कमी झाले. पंपिंग तीसवर आलेल्या, एलबीबीबी असलेल्या माणसाला कुणी फक्त गोळ्यांवर ठेवलं असेल तर ‘सीआरटीचा विचार केला का?’ हा प्रश्न विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

दुसरा उपाय मला जास्त सुंदर वाटतो. पाणंदीला दुसरी पाणंद जोडण्यापेक्षा हमरस्ताच पुन्हा का वापरू नये? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात काम करणारे डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये थेट हिसच्या तारेवर कायमचा पेसमेकर जोडल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये चीनमधल्या वेईजियान हुआंग यांच्या गटाने मधल्या पडद्यात तार आत फिरवत नेऊन डाव्या फांदीलाच गाठण्याची रीत दाखवली. तिथे तार टिकणं सोपं जातं, आणि आता ती आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांतही करतात.

मागच्या वर्षी माझ्याच एका पेशंटसाठी मी कॅथ लॅबच्या, म्हणजे हृदयात नळ्या-तारा घालतात त्या खोलीच्या, काचेमागे उभी होते. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पंपिंग तीस, क्यूआरएस १६४. डॉक्टर तार पडद्यात अर्धा-अर्धा फेरा आत फिरवत होते आणि प्रत्येक फेऱ्यानंतर एक ठोका देऊन बघत होते. स्क्रीनवर तोच पसरट, चिरलेला डोंगर परत परत येत होता. मग एका फेऱ्यानंतर तो डोंगर नाहीसा झाला आणि त्याच्या जागी अरुंद टोकदार कंगोरा उभा राहिला. तंत्रज्ञाने मोजून सांगितलं, “एकशे बारा.” बाई जाग्याच होत्या. त्यांनी मान वळवून विचारलं, “झालं का? तुम्ही सगळे एकदम गप्प झालात.”